आजी नाव विसरते तेव्हा

"तू कुणाची गं?" लहानपणी जिने न्हाऊमाखू घातलं त्या आजीने असं विचारलं, की विशीतल्या नातीच्या जिव्हारी लागतं. पण माया आटलेली नसते. १९०६ मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी ज्या विस्मृतीच्या आजाराची पहिली माहिती मांडली, त्या अल्झायमरमध्ये बहुधा नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी झिजतो. म्हणून सकाळचा चहा आठवत नाही. माहेरचा आड आणि जात्यावरच्या ओव्या मात्र लख्ख असतात.

नातवंडांनी तिथूनच आत शिरावं. "ओळख पाहू मी कोण?" अशी परीक्षा मुळीच घेऊ नये, त्याने माणूस ओशाळतं. जवळ बसून आपणच सांगावं, "आजी, मी तुझी नात, सुमनची मुलगी." मग मेथीची जुडी पुढ्यात ठेवून बघा. नाव न आठवणारी आजी पानं कशी सराईतपणे खुडते! हातांची सवय बराच काळ टिकते. दिवेलागणीला अनेकांची घालमेल वाढते, "मला घरी जायचंय" सुरू होतं. तेव्हा वाद नको. दिवे लावावेत, हात धरावा, माहेरचं काहीतरी विचारावं.

आणि हो, "वय झालं, विसरणारच" असं धरून बसू नका. थायरॉईडचा त्रास किंवा बी-१२ची कमतरता यांनीही विसरायला होतं, आणि ते उपचारांनी सुधारू शकतं. म्हणून डॉक्टरांना दाखवाच. ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनवर, म्हणजे १४५६७ या क्रमांकावर, मोफत मार्गदर्शन मिळतं.