चुकीच्या उत्तराची उपपत्ती



दिवसभराच्या उन्हानंतर आता कोठे जरा वारा सुटला आहे, आणि अशा वेळी गणितावरचे व्याख्यान ऐकावयास आपण येथे वळसंगला इतक्या संख्येने जमलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. संयोजकांना आम्ही 'प्राथमिक शाळेतील गणित आणि लेखन' असा विषय कळविला, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "गुरुजी, लेखन मराठीच्या तासाला आणि आकडेमोड गणिताच्या तासाला, हीच रीत नव्हे काय?" रीत हीच खरी; आम्हीही ती पुष्कळ वर्षे चालविली. ती चालविताना आमच्या हातून जे घडले ते आधी सांगून टाकतो.

नोकरीच्या सुरुवातीला आमच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. वजाबाकी आली की तो हमखास चुके. ५२ मधून २७ गेले, बाकी ३५. ८१ मधून ४६ गेले, बाकी ४५. प्रत्येक वेळी आमची तांबडी फुली आणि खाली शेरा : 'दहा वेळा लिहा.' तो बिचारा दहा वेळा लिही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करी. या मुलाला गणिताचे डोके नाही, असे ठरवून आम्ही मोकळे झालो. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. पुढे बऱ्याच वर्षांनी दुसऱ्याच एका मुलीच्या वहीत आम्ही वाचले : "दोनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून दोन काढले." ते वाचले आणि तो मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याने कधी भलतेसलते उत्तर दिलेच नव्हते! लहानातून मोठे जात नाही, हे आम्हीच त्याला शिकविले होते आणि ते तो इमानाने पाळीत होता. त्याच्या साऱ्या चुका मिळून एकच चूक होती. दहा-दहाच्या सुट्या काड्या आणि जुड्या घेऊन बसलो असतो, तर अर्ध्या तासात ती निघाली असती. पण त्यासाठी त्याला विचारावयास हवे होते, आणि आम्ही तर त्याच्या वहीत उत्तराखेरीज काही पाहतच नव्हतो.

तेव्हापासून आम्ही गणिताच्या वहीची मागची पाने राखून ठेवू लागलो. आठवड्यातून दोन दिवस, एकच उदाहरण; पुढच्या पानावर ते सोडवावयाचे आणि मागच्या पानावर चार ओळी लिहावयाच्या : हे मी कसे केले, आणि असेच का केले. मागच्या पानावर गुण नाहीत, फुली नाही, शुद्धलेखनाची चूक काढावयाची नाही. शिक्षकाने खाली फक्त एक प्रश्न लिहावयाचा.

यात परदेशातून आणलेले नवे खूळ आहे असे कोणास वाटेल. अमेरिकेतील गणित-शिक्षकांच्या राष्ट्रीय मंडळाने १९८९ साली आपल्या अपेक्षांत गणितातील संवादाला स्थान दिले, हे खरे. पण गोष्ट आपल्या घरचीच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचिलेल्या 'लीलावती'त रीती श्लोकबद्ध आहेत, उदाहरणे गोड आहेत. मात्र रीत अशीच का, हे समजून घ्यावयाचे तर टीकाकारांकडे जावे लागते. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ च्या सुमारास 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, तीत त्यांनी रीतींच्या उपपत्ती दिल्या. आम्ही आठ वर्षांच्या पोराकडून मागतो ती त्याच्या बेताची उपपत्तीच आहे.

आता आपल्या या भागापुरती एक गोष्ट सांगतो. दुसरीतल्या एका मुलाला 'त्रेपन्न' लिही म्हटले की तो ३५ लिही. मागच्या पानावर त्याने लिहिले : "तीन आधी ऐकू आले म्हणून तीन आधी लिहिले. घरी पन्नास आधी म्हणतात." त्याच्या घरी कानडी. कानडीत ऐवत्तमूरु, म्हणजे पन्नास आणि मग तीन. तेलुगूतही याभै मूडु, तोच क्रम. मराठीत मात्र एकक पुढे आणि दशक मागे, आणि लिहिताना पुन्हा उलट! सोलापूर-अक्कलकोटच्या पट्ट्यात कित्येक मुले सकाळी घरून एक क्रम घेऊन निघतात आणि शाळेत त्यांना दुसरा भेटतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेपन्न' या नावाच्या जोडीला 'पन्नास तीन' अशा धर्तीचे वाचन दिले गेले, तेव्हा केवढा गहजब झाला ते आपणांस आठवत असेल. मराठी बुडाली, अशीही ओरड झाली. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा तेव्हा डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांपाशी मुले अडखळतात, एवढेच त्यांचे सांगणे होते. त्या २०२३ साली निवर्तल्या. आम्हांला स्वतःला 'त्रेपन्न' हा शब्द प्रिय आहे आणि तो मुलांना आलाच पाहिजे. परंतु वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी ३५ लिहिणाऱ्या मुलाला 'का रे?' म्हणून विचारले होते, कोण जाणे.

अपूर्णांकांत तर ही पाने आमची गुरू झाली. एकतृतीयांश मोठा की एकचतुर्थांश, असे विचारले तेव्हा जवळजवळ साऱ्या वर्गाने एकचतुर्थांश सांगितले. एका मुलीची उपपत्ती : "चार मोठा आहे." आम्ही खाली लिहिले, "भाकरीने करून बघ." दोन दिवसांनी तिने वाटोळी भाकरी काढून लिहिले : "चौघे असलो की अव्वा चतकोर देते. बाबा रात्रपाळीला गेले की आम्ही तिघे असतो. तेव्हा चतकोरापेक्षा मोठा तुकडा येतो. माणसे वाढली की तुकडा लहान होतो." शेवटचे वाक्य आम्ही फळ्यावर लिहिले, आणि त्या दिवशी दुसरे काही शिकविले नाही.

सगळे असे गोड नाही, हेही सांगावयास हवे. पहिल्या महिन्यात निम्म्या वह्यांत एकच वाक्य होते : "गुरुजींनी असे सांगितले म्हणून." ते वाचून आम्हांला आमचीच लाज वाटली, ते वाक्य निघावयास दिवाळी उजाडली. काही मुले शेजाऱ्याची उपपत्ती उतरवून काढीत, चुकीसकट! आणि ज्या मुलाचा हिशोब पक्का पण लेखणी अडखळते, त्याला ही वही म्हणजे दुहेरी शिक्षा होण्याचा धोका असतो. अशांना चित्र काढू द्यावे, तोंडी सांगू द्यावे आणि आपण लिहून घ्यावे. कानडीत सांगितले तर कानडी बोल देवनागरीत उतरवावे. चाळीस वह्या एका दिवसात वाचून होत नाहीत. आम्ही रोज दहाच वाचीत असू.

पालक विचारतात, मग पाढ्यांचे काय? पाढे हवेतच. पावकी-निमकी मुखोद्गत असलेले म्हातारे बाजारात कसे भराभर हिशोब करीत, ते आम्ही पाहिले आहे. पाढे पाठ असले म्हणजे 'का' लिहावयास मन मोकळे राहते.

ज्यांच्या घरी दुसरी-तिसरीतले मूल आहे, त्यांनी घरी गेल्यावर त्याची वही मागून घ्यावी, एक चुकलेले उदाहरण शोधावे आणि रागावण्यापूर्वी म्हणावे, "हे तू कसे काढलेस, मला लिहून दाखव." मूल प्रथम भांबावेल, थोडा वेळ जाऊ द्यावा. उद्या सकाळी अशा वह्या घेऊन कोणी आले, तर आम्ही दहा वाजेपर्यंत याच मंडपात बसलेले आहोत.