सतलजेच्या खोऱ्यातील थोलिंग

मानससरोवराशेजारच्या राक्षसतालाच्या प्रदेशातून सतलज निघते आणि पश्चिमेची वाट धरते. तिबेटी लोक तिला लांगचेन खबाब, म्हणजे गजमुखातून निघालेली नदी, असे म्हणतात. तिच्या खोऱ्यात, सुमारे १२,००० फूट उंचीवर, थोलिंग हे लहानसे गाव वसले आहे. भोवती पिवळसर मातीच्या कड्यांचे जणू अरण्यच! एका प्राचीन सरोवराचा तळ पाण्याने कोरला गेला, त्याचे हे कडे झाले. पाऊस येथे अत्यल्प. वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटाने आणावे, तेव्हा कोठे जवाचे शेत हिरवे दिसते.

अशा उजाड स्थळी गुगे राज्याचा अधिपती येशे-ओ याने इ. स. ९९६ मध्ये मठ स्थापिला. काश्मिरात विद्याध्ययन करून आलेल्या रिंचेन झांगपोने संस्कृत ग्रंथांची भाषांतरे केली. पुढे येशे-ओ शत्रूच्या बंदीत पडला व त्याच्या भारंभार सोने दंड म्हणून मागण्यात आले. तेव्हा ते सोने आपल्या सुटकेपायी न वेचता भारतातून आचार्य आणण्याकडे लावावे, असे त्याने आप्तांस कळविले, अशी तिबेटी परंपरा सांगते. कथेचा तपशील कसाही असो, १०४२ साली विक्रमशिलेचे आचार्य अतीश या प्रदेशात आले, हे इतिहासास मान्य आहे.

जवळच त्सापरांग येथे गुगेची राजधानी होती. १६३० मध्ये लडाखच्या सैन्याने ते राज्य बुडविले. डोंगरावरचा वाडा ओस पडला. मंदिरांतील मूर्ती व भित्तिचित्रे मात्र त्या कोरड्या हवेत टिकून राहिली.

१९४८ साली तेथे लामा गोविंद व त्यांच्या पत्नी ली गोतमी आल्या. मुंबईच्या पारशी कुटुंबात जन्मलेल्या या बाईंनी शांतिनिकेतनात चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. हिवाळा लागला होता. अंधाऱ्या, थंडगार मंदिरांत त्या चित्रांच्या प्रतिकृती उतरवीत. शाई कुंचल्यावर गोठे. श्वासाची ऊब देऊन ती पातळ करावी आणि पुढची रेघ ओढावी! मूर्तींची छायाचित्रेही त्या वेळी घेतली गेली.

त्या श्रमांचे मोल पुढे कळले. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत तेथील कितीतरी मूर्ती फोडल्या गेल्या. भिंतींवरील चित्रे बऱ्याच अंशी बचावली. परंतु गेलेल्या मूर्तींचे रूप आज पाहावयाचे तर त्या छायाचित्रांकडेच वळावे लागते.

श्रोतेहो, सुमारे हजार वर्षांपूर्वी त्या खोऱ्याने सोने वेचून आपली विद्या नेली व जतन केली. आपल्यापैकी एका स्त्रीने तेथे जाऊन, हाताला येईल तेवढे कागदावर उतरवून घेतले. आपल्याही गावोगावच्या देवळांच्या भिंती आज फिकट होत आहेत. त्या पुसल्या जाण्यापूर्वी कोणी कुंचला घेऊन बसेल काय, एवढेच विचारून मी आपली रजा घेतो.