माळ्यावरचा कांडेचोर



मी कविता लिहिणारा माणूस. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या बेडकाच्या चित्रापुरताच. त्यामुळे 'रानातला जीव घरात पाळावा का' या विषयावर बोलाल का, असं विचारलं गेलं तेव्हा आधी हसू आलं. मग रोह्याचं जुनं घर आठवलं आणि मी हो म्हणालो.

गोष्ट १९८० सालची. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड नाव पुढच्या वर्षी आलं. मी अकरा वर्षांचा, धाकटी बहीण सहा वर्षांची. मे महिन्यात पावसाआधी कौलं परतायला माणसं आली होती. एक कौल उचललं आणि माळ्यावरून करडं-काळं काहीतरी सरसर पळालं. मागे पेंढ्यात तीन पिल्लं. पुस्तकात या प्राण्याला उदमांजर म्हणतात, आमच्याकडे कांडेचोर. नावात मांजर असलं तरी हा मांजराच्या कुळातला नव्हे, त्याचं कूळच वेगळं. रात्री हिंडावं, फळं खावीत, उंदीर मिळाला तर तोही खावा, आणि माडावर मडकं लावलेलं असेल तर माडी प्यावी, असा त्याचा संसार. माडी उतरवणाऱ्यांच्या त्याला पडणाऱ्या शिव्या मी लहानपणी भरपूर ऐकल्या आहेत.

पिल्लांची आई परत येईल म्हणून थांबायला हवं होतं. हे आज कळतं. त्या दिवशी माणसांचा गलका, उन्हाचा तडाखा, आणि आम्ही मुलं तर पिल्लांवरून हात काढायला तयार नाही. दोन पिल्लं तिसऱ्या दिवसापर्यंत मेली. तिसऱ्याला अब्बांनी कापसाच्या वातीने शेळीचं दूध पाजून जगवलं. त्याचं नाव मुन्ना. माँने दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधला.

पहिले सहा महिने काय सांगू! मुन्ना अब्बांच्या सदऱ्याच्या खिशात बसून बाजारात जायचा. लोक दुकानातून उठून बघायला यायचे. अब्बा तसे अबोल, पण मुन्ना खिशात असला की त्यांची चाल बदलायची. जंगलातला जीव आपल्या हाताला हुंगतो, आपल्या कुशीत झोपतो, याचा माणसाला चढणारा एक खास अभिमान असतो. मला वाटतं, रानातले प्राणी पाळण्याच्या हौसेत प्रेमाइतकाच हा अभिमान असतो. अब्बांवर टीका करायची म्हणून हे म्हणत नाही. तोच अभिमान माझ्याही अंगात होता, वर्गात मी मुन्नाचा भाऊ म्हणून मिरवत होतो.

थंडी सुरू झाली आणि मुन्ना मोठा झाला. दिवसभर झोपायचा, रात्री जागा. उशा फाटल्या, पिकायला घातलेली केळी गेली, भिंतीवर त्याच्या वासाच्या खुणा. एके संध्याकाळी बहीण ओट्यावर केळं खात होती. मुन्ना जवळ आला, तिने रोजच्यासारखा लाडाने हात पुढे केला, आणि त्याने तळहात फोडला. त्याने बदमाशी केली नव्हती. त्याच्या जातीत खाण्यापाशी दुसऱ्याचा हात आला की असंच करतात.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, काय चावलं? ऐकून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, कुत्रं-मांजर असतं तर दहा दिवस बांधून नजर ठेवता आली असती. रानातल्या जनावराला रेबीज आहे की नाही, हे बाहेरून बघून कुणी सांगू शकत नाही. इंजेक्शनं पुरी करावी लागतील. तेव्हा ती चौदा असत, पोटात. ती जुनी लस आपल्या देशात २००४च्या अखेरीपर्यंत दिली जात होती. आता दंडावरच्या चार-पाच सुयांत काम होतं, जखमेत वेगळं औषधही भरतात. पण एक गोष्ट तेव्हाही तशीच होती आणि आजही तशीच आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. मांजर चावलं तरी जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि दवाखाना गाठायचा, हे विसरू नका.

चौदा दिवस रोज सकाळी माँ बहिणीला घेऊन जायची. मी ओट्यावर बसून असायचो. मुन्ना खोक्यात बंद.

मग अब्बांनी त्याला टोपलीत घातलं आणि आज जिथे फणसाडचं अभयारण्य आहे, त्या बाजूच्या जंगलात सोडून आले. अभयारण्य व्हायला १९८६ साल उजाडायचं होतं. तेव्हा ते जंजिऱ्याच्या नवाबांचं जुनं शिकारीचं रान म्हणूनच लोकांना ठाऊक होतं. आम्हा मुलांना सांगण्यात आलं, मुन्ना आपल्या घरी गेला. पंधरवड्याने आठवडा बाजारात तिकडच्या एका माणसाने सहज गोष्ट सांगितली. त्यांच्या वाडीत कांडेचोर दिवेलागणीला सरळ ओट्यावर आला, माणसं बघूनही पळेना, उलट एका म्हातारीच्या मांडीवर चढू लागला. पिसाळलेला असणार म्हणून लोकांनी काठ्या घातल्या. गळ्यात काळा दोरा होता म्हणे.

अब्बा घरी आले, जेवले नाहीत. रात्री माँला एवढंच म्हणाले, "त्याची भीती मी काढून टाकली होती." त्यानंतर आमच्या घरात पोपटाचा पिंजराही आला नाही.

पुढे मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, नोकरीमुळे पेणला स्थायिक झालो. शब्दांशी खेळण्याची सवय लागली तेव्हा लक्षात आलं, आपल्या मराठीने हा फरक कधीच करून ठेवलाय. 'माणसाळलेला' वेगळा आणि 'पाळीव' वेगळा. एकटा प्राणी माणसाळतो. पाळीव होते ती अख्खी जात, आणि त्याला पिढ्यांमागून पिढ्या जाव्या लागतात. रशियात सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कजवळ १९५९ पासून कोल्ह्यांवर एक प्रयोग चालला. कातड्यासाठी पिंजऱ्यात वाढवलेले कोल्हे घ्यायचे, त्यांतले माणसाला सर्वांत कमी बिचकणारे तेवढेच निवडून त्यांची वीण वाढवायची. काही पिढ्यांतच माणूस दिसताच शेपटी हलवणारी पिल्लं जन्मू लागली. हा गुण रक्तातून आला होता, कुणी वातीने दूध पाजलं म्हणून नव्हे. मुन्नाला आम्ही कितीही दूध पाजलं असतं तरी त्याची पोरं कांडेचोरच निपजली असती.

आणि मांजर? तिला तर आपण आणलंच नाही. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्याची कोठारं भरली, त्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरी. ज्यांना माणसाचा वावर सहन झाला त्या राहिल्या. सायप्रस बेटावर फ्रेंच संशोधकांना सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं, २००४ साली त्याची बातमी जगभर झाली. माणसाचा सांगाडा आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर मांजराचा. त्या बेटावर मुळात मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी होडीतून नेली असणार. इतका जुना हा शेजार आहे.

आमच्यात मांजराला मान आहे. पैगंबरसाहेबांचे एक सोबती अबू हुरैरा या नावानेच ओळखले जातात, नावाचा अर्थ मांजरीच्या पिल्लाचा बाप. लहानपणी माँ एक हदीस सांगायची. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही आणि आपलं आपण शोधून खायला मोकळंही सोडलं नाही, त्याची तिला सजा झाली. मुन्ना गेल्यावर माँने ती गोष्ट कित्येक वर्षं सांगितली नाही.

पेणला आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा कारखाना आहे. तिथली एक ढवळी मांजर आमच्याकडे दुपारी झोपायला येते, मासळीच्या वेळी कोळणीकडे हजर असते आणि रात्री कारखान्यात पाळीवर. बाप्पाच्या पायाशी मातीचा उंदीर आणि त्याच्या शेजारी शेपूट गुंडाळून बसलेली ती, हे दृश्य मी रोज बघतो. कारागीर म्हणतो, "चाचा, हिला वाहन पटलेलं नाही." तीन घरांची ती मांजर, नक्की कुणाची हे कुणीच सांगू शकत नाही. पण दार उघडं असून परत येते.

मांजर पाळणं निर्धोक आहे, असं मात्र माझं म्हणणं नाही. तिला रेबीजची लस टोचावी लागते. तिच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो, म्हणून गरोदर बाईने तिची घाण साफ करू नये. शिवाय ती चिमण्या मारते, आणि नसबंदी केली नाही तर वर्षभरात गल्ली भरून टाकते. पण हे धोके माहितीतले आहेत, त्यांवर उपाय आहेत आणि जनावरांच्या डॉक्टरला ते ठाऊक आहेत. रानातल्या प्राण्याचं तसं नाही. २००२-०३ मध्ये चीनमधून सार्सची साथ पसरली, तेव्हा तिथल्या बाजारात पिंजऱ्यांत विकायला ठेवलेल्या उदमांजरांमध्ये त्या विषाणूचा माग लागला. मूळ घर वटवाघळांत होतं, उदमांजर मधला दुवा. पिंजऱ्यातल्यांनी काय पाप केलं होतं? पण नंतर हजारोंनी मारली गेली तीच.

लोक मला हेमलकशाचं उदाहरण देतात. डॉ. प्रकाश आमटे बिबट्यांशी खेळतात, मग आम्ही का नाही? अहो, त्यांच्याकडे प्राणी हौसेने आणले नव्हते. भामरागडच्या जंगलात शिकारीत आया मेलेली ती अनाथ पिल्लं. त्यांच्यासाठी रोजचं खाणं, माणसं, सरकारी परवानगी आणि सगळं आयुष्य त्या जागेला वाहिलेलं कुटुंब आहे. एवढं असूनही खुद्द डॉक्टरांना घोणस चावली होती. बिबट्यासोबतच्या फोटोत यातलं काही दिसत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या रानातला प्राणी घरात ठेवणं गुन्हा आहे. यात पिंजऱ्यातला साधा हिरवा पोपटही येतो, हे सांगितलं की निम्मी गल्ली गप्प होते. परदेशी सरडे, माकडं, पोपट यांची नोंदणीही २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनंतर बऱ्याच जातींसाठी सक्तीची झाली आहे. पण कायदा कधीकधी मनाला लागतो, हेही मी कबूल करतो. उत्तर प्रदेशात अमेठीच्या एका तरुणाने जखमी सारस बरा केला. तो पक्षी मोकळा असूनही त्याच्या मोटारसायकलीमागे उडायचा. मार्च २०२३मध्ये वनखात्याने तो नेला, आधी अभयारण्यात आणि मग कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात. तरुण भेटायला गेला तेव्हा सारस पिंजऱ्यात उड्या मारत होता. ते चित्रण मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहवलं नाही. चूक कुणाची, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

त्याच वर्षी भातकापणीत मला फोन आला. भाच्याचा, म्हणजे त्याच बहिणीच्या मुलाचा. "मामू, शेतात बिबट्याची दोन पिल्लं मिळालीत. घरी आणलीत." मागून बहिणीचा आवाज, "आधी मामूला विचार." त्याने फोटो पाठवले होते, मित्रांनाही पाठवले होते आणि एकाने तर किंमत विचारली होती. पोराला पैशांचा मोह नव्हता. त्याला एक पिल्लू ठेवायचं होतं.

मी त्याला दूध पाजू नकोस म्हणालो, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला लावला आणि पेणहून दिवा-रोहा पॅसेंजर धरली. कासू, नागोठणे, रोहा. गाडीत सारखा मुन्नाच डोळ्यांपुढे. पोहोचलो तोवर वनरक्षक आला होता. पिल्लं बिबट्याची नव्हती, रानमांजराची होती. तो म्हणाला, जुन्नरकडे उसात बिबट्याची पिल्लं मिळतात तेव्हाही हेच करतात. जिथे मिळाली तिथेच टोपलीत ठेवायची आणि माणसांनी लांब व्हायचं. आई येते. त्याच जुन्नर भागात २००१ नंतर पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडले, तर सोडलेल्या ठिकाणीच माणसांवर हल्ले वाढले, हे डॉ. विद्या अत्रेय यांनी अभ्यास करून दाखवलंय. जनावर उचलून दुसरीकडे ठेवणं म्हणजे घरी पाठवणं नव्हे. माझ्या अब्बांना हे कोण सांगणार होतं?

भाचा नाराज होता. "मामू, मी त्याला नीट सांभाळलं असतं." बहीण काही बोलली नाही. तिने त्याच्यापुढे उजवा तळहात धरला. अंगठ्याच्या खाली चार पांढरे ठिपके आहेत, त्याने ते जन्मापासून पाहिलेत. कशाचे ते मात्र त्याला पहिल्यांदाच कळलं.

सूर्य बुडता बुडता टोपली बांधावर ठेवली. आम्ही घरात बसलो, दिवे मालवून. पहाटे भाचा बॅटरी घेऊन निघाला, त्याला उजाडेपर्यंत थांबवलं. गेलो तेव्हा टोपलीत नुसता पेंढा होता आणि ओल्या मातीत पावलं. भाच्याने फोटो काढायला फोन बाहेर काढला आणि परत खिशात घातला. बहिणीने पेंढा तिथेच झटकला आणि टोपली काखेत मारली.