लेखणी गजांच्या आत गेली पाहिजे
(बुलढाणा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



बंदिवान स्त्रियांविषयी बुलढाण्यात बोलायचे, तर प्रथम ताराबाई शिंदे यांचे स्मरण केले पाहिजे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. ती पुढे अपिलात टळली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक केली. तेव्हा आपल्या बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषी व्यवस्थेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. विजयालक्ष्मीचे म्हणणे मात्र तिच्या स्वतःच्या लेखणीतून समाजापुढे आले नाही.

आजही फारसा फरक पडलेला नाही. आणीबाणीत प्रमिलाताई दंडवते येरवड्यात आणि मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. त्या दोघांना पत्रांनी तगवले. सुधा भारद्वाज यांनी येरवड्याच्या फाशी यार्डातून पाहिलेल्या स्त्रियांची शब्दचित्रे २०२३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पण या सुशिक्षित, राजकीय बंदिवान होत्या. शेजारच्या बराकीतली निरक्षर शेतमजूर बाई कोणाला पत्र लिहिणार?

तिला लिहिता येत नसले, तरी ओवी येते, गोधडी शिवता येते, भिंतीवर चित्र काढता येते. एकीने सांगावे, दुसरीने लिहून घ्यावे. पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात तिला केवळ प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात; आपली हकीकत आपल्या क्रमाने सांगण्याची संधी तिला इथे प्रथमच मिळते. मनावरचा भार हलका होण्याची सुरुवात तिथे होते.

मात्र एक इशारा देतो. रंगपेटी हा जामिनाला पर्याय नव्हे. देशातील दर चार बंदिवानांपैकी सुमारे तीन जण खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच आत आहेत. १९८३ साली शीला बारसे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदेविषयक मदतीची जबाबदारी शासनावर टाकली. ती पार पाडली जाते की नाही, हे आपणच पाहिले पाहिजे.

म्हणून आपली मागणी साधी असावी : जिथे स्त्रिया बंदिवान आहेत, तिथे कागद, लेखणी, रंग आणि वाचनालय हक्काने मिळावे, सोबत वकीलही मिळावा. त्यांनी लिहिलेले त्यांच्याच मालकीचे राहावे. तिच्या संमतीवाचून ते कोणी छापू नये, आपणही नाही.

ताराबाईंनी तुरुंगातल्या भगिनीसाठी लिहिले. आता त्या भगिनीला स्वतः लिहू देणे, हे आपले काम आहे.