चौसष्ट प्रोसेसर, अडीच लाख बिंदू



समांतर गणनेची रीत कागदावर मांडताना प्रत्येक बिंदूला एक प्रोसेसर, असं आपण खुशाल धरून चालतो. यंत्रात मात्र प्रोसेसर मोजकेच असतात. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो ६४ प्रोसेसरचा. ‘ट्रान्सप्युटर’ जातीच्या त्या प्रत्येक प्रोसेसरला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या होत्या.

आता समजा, धातूच्या पत्र्यावर उष्णता कशी पसरते ते अशा यंत्रावर काढायचं आहे. पत्र्यावर ५१२ बाय ५१२ बिंदूंची जाळी आखली, म्हणजे २,६२,१४४ बिंदू झाले. दर फेरीत प्रत्येक बिंदूचं नवं तापमान शेजारच्या चार बिंदूंवरून ठरतं. ६४ जणांत वाटणी केली की प्रत्येकाच्या वाट्याला ४,०९६ बिंदू येतात.

वाटणी करायची कशी? आठ-आठ ओळींच्या पट्ट्या पाडल्या, तर मधल्या प्रोसेसरला दर फेरीत वर ५१२ आणि खाली ५१२, असे १,०२४ आकडे पाठवावे लागतात. ६४ बाय ६४ चे चौकोन पाडले, तर चार बाजूंचे मिळून २५६ पुरतात. शेताचंही असंच असतं: क्षेत्र तेवढंच, पण लांबट पट्टीला बांध जास्त. अर्थात चौकोनात निरोप चार जातात, पट्टीत दोनच. प्रत्येक निरोप सुरू करायलाच फार वेळ लागत असेल, तर पट्टीही फायद्याची ठरते.

दुसरी रीत म्हणजे कामाचे यंत्राएवढे तुकडे पाडून ते एकामागून एक चालवायचे. सारण्यांचे (मॅट्रिक्सचे) गुणाकार करणाऱ्या गूगलच्या पहिल्या टीपीयू चिपमध्ये २५६ बाय २५६ गुणक-बेरजकांची जाळी आहे. मोठी सारणी तिच्यात तुकड्यातुकड्यानं भरतात आणि अर्धवट बेरजा बाजूला साठवतात. इथे सारणीचं माप जुळलं नाही, तर फटका बसतो. ३०० बाय ३०० च्या सारणीला चार तुकडे लागतात आणि त्या चार फेऱ्यांतल्या जेमतेम ३४ टक्के जागा कामी येतात.

विद्यार्थी मित्रांनो, प्रोग्राम लिहिण्याआधी हातात किती प्रोसेसर आहेत ते पाहा. बेरजा-गुणाकार मोजता, तशी आकड्यांची ने-आणही मोजा आणि मगच वाटणी ठरवा.