समासातली पेन्सिल



साहित्य संमेलनाच्या स्वागताध्यक्षाचं खरं काम वर्गणी गोळा करण्याचं. ते पार पडलं. भाषणाची संधी हा त्याचा मोबदला; तेव्हा पाच मिनिटं सोसून घ्या.

पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत तुमचं स्वागत. मंडपामागे दिसते ती नवेगावबांध तलावाची पाळ, म्हणजे बांध. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. भोवतीच्या डोंगरांना आम्ही सात बहिणी म्हणतो. कोहळ्यांनी तलाव बांधावेत, त्यावर धान पिकवावं, ढीवरांनी मासे धरावेत, शिंगाडा लावावा, अशी इथली जुनी घडी. कुठल्या ओढ्याचं पाणी आधी उतरतं, पाट कधी फोडायचा, कुणाच्या बांधीत पाणी पहिल्यांदा जायचं, हे ठरायचं पाळीवरच्या गप्पांत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले. मालगुजारी गेल्याचं दुःख नाही; पण तिच्यामागोमाग पाळीवरची बैठकही उठली, हे मात्र सलतं.

ती बैठक थोडीफार शिल्लक असताना मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे आले. सोलापूरचा माणूस, पण इथे येऊन ऐकत बसला. इथल्या माधवराव पाटील डोंगरवारांशी त्यांची मैत्री जमली आणि त्या मैत्रीतून त्यांना हा तलाव उमगत गेला. ढीवर, गोंड, पारधी, ज्याला जे ठाऊक त्याच्याकडून त्यांनी ते घेतलं. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, पुढे ‘पक्षिकोश’ ही त्यांची पुस्तकं. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. पलीकडच्या नागझिऱ्याच्या रानात व्यंकटेश माडगूळकर राहून गेले, किरण पुरंदरे तर चारशे दिवस राहिले. दोघांनी पुस्तकं लिहिली. आमचं रान पुण्या-मुंबईत पोचलं ते या माणसांमुळे. आम्हाला आमचंच रान पुस्तकात भेटलं, तेव्हा आधी हसू आलं आणि मग जरा लाज वाटली.

माझे आजोबा चौथी शिकलेले. गावच्या वाचनालयातून मी त्यांना ‘रानवाटा’ आणून दिलं. महिनाभर ते त्यांच्या उशाशी होतं. परत करायला घेतलं तर समासात पेन्सिल फिरलेली! एके ठिकाणी ‘हे खरे. मी पाहिले आहे.’ दुसरीकडे ‘आमच्या बोडीवर दिवाळीच्या आधी येतात.’ (बोडी म्हणजे छोटं तळं.) आणि एका पानावर नुसतं एका ढीवराचं नाव आणि पुढे ‘यास विचारावे’. मी रागावलो, वाचनालयाचं पुस्तक खराब केलं म्हणून. ते म्हणाले, “अरे, तो बोलला, मी बोललो. खराब काय झालं?”

निसर्गावरच्या पुस्तकाची परीक्षा मी तेव्हापासून अशीच करतो: ते वाचून शेजारच्याला काहीतरी सांगावंसं वाटलं पाहिजे. नुसत्या सुंदर वर्णनांचा मला कंटाळा आहे. (व्यासपीठावरच्या कवींनी मनावर घेऊ नये.) ज्या पुस्तकात माहीतगार माणसाचं नाव येत नाही, फक्त लेखकाचं मन भरून येतं, ते मी मिटून ठेवतो.

म्हणून या दोन दिवसांत परिसंवाद मुद्दाम कमी ठेवले आहेत. उद्या पहाटे साडेपाचला पाळीवर चहा आहे. आमचे तीन ढीवर तिथे येतील. ते भाषण करणार नाहीत. विचाराल तर सांगतील. देवधान म्हणजे तलावात आपसूक उगवणारा भात. तो कसा झाडून घेतात, हे त्यांच्याकडून ऐका. मोबाईल खोलीवर ठेवून आलात तर बरं.

शेवटी एक घरगुती विनंती. आजोबा गेले त्यानंतर ती ‘रानवाटा’ची प्रत कुणीतरी वाचनालयातून नेली, ती परत आली नाही. नवी प्रत आम्ही घेतली आहे, पण तिचे समास कोरे आहेत. जुनी प्रत तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात असेल, तर कृपा करून पाठवा. दंड माफ आहे.