फेर कोण धरायचा?

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्यू लग्नात नाचणं ही पाहुण्यांची हौस नाही, ते त्यांच्याकडे सोपवलेलं काम आहे. नवरानवरीला आनंद देणं हे धर्मकर्तव्यच. तालमुद या ज्यू धर्मग्रंथातल्या ‘केतुबोत’ या भागात नवरीपुढे नाचताना तिचं कौतुक कसं करावं, यावर चक्क वाद आहे. शम्मायचे अनुयायी म्हणाले, जशी असेल तशी सांगा. हिल्लेलचे म्हणाले, प्रत्येक नवरी देखणीच. जगानं हिल्लेलचं ऐकलं, बरं केलं! तिथेच एक वयोवृद्ध रब्बी भेटतात, शमुएल बर रव यित्झहाक. हे मर्टलच्या तीन डहाळ्या झेलत नवरीपुढे नाचायचे. दुसऱ्या एका विद्वानानं नाक मुरडलं, म्हाताऱ्यानं आमची लाज घालवली. पुढे ते रब्बी वारले तेव्हा अग्नीचा स्तंभ उभा राहिला, अशी कथा आहे. नाक मुरडणाऱ्याला उत्तर मिळालं.

मग आज न्यू यॉर्कच्या हॉलमध्ये निम्मे पाहुणे खुर्च्यांना चिकटून का बसतात? संकोच असतोच, पण माझ्या मते खरा दोष मांडणीचा. बँड एकदम ‘हावा नागिला’ हे गाणं सुरू करतो, तेही भरधाव. नवरानवरीला खुर्च्यांवर बसवून उचलतात, फोटो निघतात, आटोपलं. ज्याला पाऊल येत नाही त्याला शिरायला फटच राहत नाही.

ही ‘परंपरा’ तशी तरुण आहे. त्या गाण्यावर धरतात तो फेराचा नाच, होरा, रुमानियाकडून आला. बारूख अगदातीनं 1924 मध्ये पॅलेस्टाइनमध्ये त्याचा रंगमंचासाठी नवा नाच बसवला. ‘हावा नागिला’ची चाल सादिगुरा गावच्या हसिदी पंथाच्या ज्यू मंडळींची, अब्राहम इदेलसोननं 1918 च्या सुमारास जेरुसलेममध्ये तिच्यावर शब्द चढवले. आपल्या अलिबाग-पेणकडच्या बेने इस्राएल ज्यू घरांत होरा वडिलोपार्जित नव्हे. तिथे मान लग्नाआधीच्या मेंदीचा.

मांडणी सांभाळायला पूर्व युरोपातल्या यिद्दिशभाषक ज्यूंच्या लग्नांत बदखन असायचा. यमकं जुळवत, हसवत-रडवत तो लग्न पुढे न्यायचा. क्लेझमर या तिथल्या ज्यू लग्नसंगीताचं पुनरुज्जीवन झालं तसा नाच चालवणारा माणूसही पुन्हा दिसू लागला. चांगला असेल तर तो माईकवर फार बोलत नाही. पाऊल येणाऱ्या दोघातिघांचे हात धरून तो टेबलांमधून साखळी फिरवतो आणि शेवटच्याचा हात मोकळा ठेवतो. समोर आलेला हात नाकारणं माणसाला जड जातं. वादकांना तो आधी संथ वाजवायला सांगतो. पाऊल सोपं: एक पाय दुसऱ्याच्या पुढून, मग बाजूला, मग मागून, पुन्हा बाजूला. आजोबांना ते जमलं की मगच लय वाढते. झिम्मा-फुगडी पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

सनातनी ज्यू लग्नांत पुरुषांचा फेर वेगळा, बायकांचा वेगळा, मध्ये पडदा. जोडीदार शोधायची भानगड नाही म्हणून तिथे लाजरेही उठतात. कुणी नवरीपुढे चेंडू झेलतो, कुणी डोक्यावर बाटली तोलतो. नाच न येणाऱ्यालाही काम मिळतं. सगळ्यांनी सारखंच नाचावं हा हट्ट मला मुळीच पटत नाही. आजीला फेराच्या मध्यभागी खुर्ची द्यावी, तिनं टाळ्या वाजवाव्यात, तीही नाचलीच.

तुम्हांला कधी अशा लग्नाचं बोलावणं आलं, तर फेर वेगळे आहेत का एवढं यजमानांना आधी विचारून घ्या आणि पहिल्याच फेरीला उठा. दुसरी होईलच असं नाही. मध्ये जेवण लागतं.